सहा मायांची एकच करंगळी

"ओ पोरी! माही एकटी माय सहा जागी काहून टांगली वो तुनं?"

गोपालभाऊंचा आवाज असा, की त्यांनी अड्याळात बैलाला हाक मारली तर पवनीच्या बाजारातले बैल मान वर करतात. मला पवनीलाच दिलेलं आहे, त्यामुळे हे मी शपथेवर सांगू शकते. त्यात तो दिवस मंडईचा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, सासरी गेलेल्या पोरी झाडून माहेरी येतात, दिवसा दंडार नाचते. त्या दिवशी तळ्याच्या पाळीवर दंडारीची ढोलकी चालू होती, ती बंद पडली. जिलेबीवाल्याच्या कढईतली जिलेबी वेटोळं घालता घालता सरळ झाली. हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण झालंच असणार.

ज्या पोरीवर ते ओरडत होते ती प्रणाली. एकोडीची. शहरात शिकून फोटोग्राफर होऊन आली. लग्नात दिवे धरून पळतात त्यातली ही नव्हे. ही फोटो काढायच्या आधी माणसाशी दोन तास बोलते आणि बोलणं संपेपर्यंत ऊन जातं. तिनं पाळीवरच्या झाडांना दोऱ्या बांधून, कापडावर छापलेले बाजेएवढे फोटो वाळवणासारखे टांगले होते. एका दोरीवर आजची माणसं, आपापल्या दारात, मांडीवर आईच्या फोटोची फ्रेम घेऊन बसलेली. गोपालभाऊही त्यात होते, नवा सदरा घालून. दुसऱ्या दोरीवर त्याच आयांचे जुने फोटो, मूळ निगेटिव्हवरून मोठे केलेले, खाली चिठ्ठ्या: 'किसनची माय', 'गोपालची माय', अशा सहा.

"हे माही माय," गोपालभाऊ बोट नाचवत होते. "हेबी माही माय. हे पांढऱ्या केसाची म्हातारी कोण होय? हेबी माहीच! पाह्य थे करंगळी!"

सहाही बायांच्या डाव्या हाताची करंगळी आत वळलेली होती, विहिरीतली बादली काढायच्या गळासारखी. प्रणाली माझ्याकडे बघू लागली. मी तळ्याकडे बघू लागले. तळ्यात त्या दिवशी बघण्यासारखं पुष्कळ होतं.

कारण निगेटिव्हचा तो डबा तिला मी दिला होता.

त्या उन्हाळ्यात ती आपल्या आजी-आजोबांचा फोटो घेऊन अड्याळात आली होती. फोटोच्या मागे माझ्या बाबांच्या स्टुडिओचा शिक्का. मी माहेरी होते. तिनं मला तिचं काम समजावून सांगितलं: माणसाची ओळख, आठवण, गाव कसं गाव होतं, वगैरे. मला त्यातलं अर्धं कळलं आणि उरलेल्या अर्ध्यावर मी मान हलवली. मग म्हणाली, स्टुडिओ दाखवता का? तिथं आता खताचं दुकान आहे. युरियाच्या वासानं डोळ्यांना पाणी येतं, आणि माझ्या डोळ्यांना आलं ते युरियानंच, असं मी तिला सांगितलं. पण पोत्यांच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं बाबांची काळी खोली होती, तिथं मी नाक भिंतीला लावलं आणि मला हायपोचा, फोटो पक्का करायच्या औषधाचा, वास आला. इतक्या वर्षांनी. आंबट, थोडा कुजलेल्या लिंबासारखा. दुकानदार म्हणाला, उंदीर मेला असंल. त्याला काय कळतं.

स्टुडिओची खोली एवढीशी. तिघं आत आले की चौथ्यानं पाळीपाळीनं श्वास घ्यायचा. पण तिच्यात एक समुद्र होता. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारा एक पेंटर पावसाळाभर आमच्या घरी भात खात बसला होता, त्यानं जाताना बाबांना पडदा रंगवून दिला. समुद्र, त्यात जहाज, काठावर राजवाडा आणि पुढे पाण्यात एक हंस. पेंटरनं समुद्रही पाहिला नव्हता आणि हंसही. समुद्र आमच्या तळ्यासारखा हिरवा झाला आणि हंस गावातल्या बदकासारखा, मानेला थोडा ताण देऊन. या बदकाच्या साक्षीनं अर्ध्या तालुक्याची लग्नं झाली. नवरदेवांसाठी खुंटीवर एक काळा कोट होता. तो इतक्या अंगांवर चढला की शेवटी शेवटी रिकामा असतानाही ताठ उभा राहायचा. बाजूला पावडरचा डबा, आरसा, आणि सुतळीनं बांधलेला कंगवा. सुतळी तोकडी, म्हणून प्रत्येकाला कंगव्याकडे डोकं न्यावं लागे.

हिवाळ्यात मंडईसाठी आलेल्या लेकीबाळींची रांग बाहेर नालीपर्यंत जायची. उन्हाळ्यात लग्नाचे जोडे, त्यांच्या कपड्यांना हळदीचा आणि गाडीवाटेनं पडलेल्या मोहफुलांचा वास. "हालू नका!" असं बाबा काळ्या कापडाखालून ओरडले की नवरी, नवरा, बदक, सगळे गारठायचे. काही नवऱ्या त्यानंतर दोन दिवस हलल्या नाहीत असं म्हणतात. संध्याकाळी ओले फोटो दोरीवर चिमटे लावून लोंबकळायचे आणि त्यांच्यातून टपटप पाणी पडायचं. तो आवाज ऐकत मी जेवायची.

पावसाळ्यात मात्र स्टुडिओत जिवंत माणूस येत नसे. गाव सगळं बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, चिखलात, रोवणीला वाकलेलं. तेव्हा यायचे ते मेलेल्यांसाठी. घरातली बाई गेलेली, तेरवी चार दिवसांवर, आणि हार कशाला घालायचा? तिचा फोटोच नाही. तेव्हाच्या बाया फोटो काढायला घाबरत, आयुष्य कमी होतं म्हणत. आणि फोटो न काढताही मरत. मग मुलगा किंवा नवरा, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात पिशवी, पिशवीत तिचं लुगडं.

बाबा पाटी-पेन्सिल घेऊन बसत. नाक कसं होतं? चामखीळ होती का? कुंकू केवढं? माणूस सांगेल ते लिहून घेत आणि मग मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारत, "अनसू!"

अनसूया म्हणजे बाबांची बहीण, माझी आत्या. ती आमच्याकडे राहायला कशी आली ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला आठवतं तेव्हापासून ती होतीच, घराला दार असतं तशी. धान कापताना विळा लागून तिची करंगळी वाकडी झालेली. ती रोवणीतून तशीच यायची, गुडघ्याएवढा चिखल घेऊन. तोंड तेवढं धुवायची, कारण फोटोत पाय येत नाहीत.

"आज कोणाची बसू, दादा?"

आणि ती बसायची. पडद्याआड ते लुगडं नेसायची, म्हातारी असेल तर केसांत पावडर चोळायची. बाबा म्हणत, नजर खाली ठेव, खाली पाहणारी बाई कोणाचीही माय दिसते. नंतर ते निगेटिव्हवर पात्याच्या टोकानं सुरकुत्या खरवडत, टोकदार पेन्सिलनं नाक-गाल बदलत, चामखीळ ठेवत. फोटो धुवून, गळ्याखाली गोल कापून, फ्रेम तयार. घरची माणसं फ्रेम हातात घेत, एकदा पाहत, दुसऱ्यांदा पाहत आणि म्हणत, "होय. आमचीच होय." काही रडत. बाबांचा हात एवढा चालायचा की एकदा फ्रेम पाहून एक नवरा तिला घाबरून पळाला होता, असं बाबा सांगत. मी त्यांचीच लेक.

मी हे सगळं पडद्यामागून पाहायची. जहाजाच्या एका खिडकीला भोक होतं. मला आठवतं ते वेगळंच. आत्याचं कपाळ एरवी कोरं असायचं. सवाष्ण गेलेली असली की ती फोटोपुरतं कुंकू लावायची, सुतळीच्या कंगव्याजवळ वाकून, आरशात बघून, नीट गोल. बाबा "झालं" म्हणाले की पदराच्या टोकानं पुसायची. तो पदरही दुसरीचा असे. ते डाग घेऊनच लुगडी परत जात.

गोपालभाऊंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो याच खिडकीतून. तेव्हा ते चार महिन्यांचे होते आणि बापाच्या खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेले. बाहेर धो धो पाऊस, तरी पावसाचा आवाज ऐकू येत नव्हता. त्यांची माय जाऊन आठ दिवस झाले होते.

बाबांनी विचारलं, "कशी होती?"

त्यांचा बाप म्हणाला, "चांगली होती."

"तसं नाही गा. दिसाले?"

तो माणूस बराच वेळ बदकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दिवसा कई पाह्यली नाई बापू. दिवसा थे बांधीत, मी बांधीत. घरी साऱ्याईसमोर कसा पाहू?"

"नाक?"

"असंल ना."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. पहिल्यांदाच. आत्याला म्हणाले, तशीच बस. पावडर नाही, सुरकुत्या नाहीत, काही नाही. आत्यानं लुगडं नेसलं, कुंकू लावलं, खुर्चीवर बसली. आणि पोर काही थांबेना, कॅमेऱ्याची काच तडकेल अशी भीती, तेव्हा तिनं हात पुढे केले आणि त्याला मांडीवर घेतलं. पोर गप्प. एकदम पाऊस ऐकू आला.

म्हणजे बाकीच्या पाच बायांत पेन्सिल तरी होती. गोपालभाऊंच्या घरी पन्नास वर्षं हार घालून घेत होती ती नुसती माझी आत्या. आणि ती दर बाजाराला त्यांच्या समोरून भाजीची पिशवी घेऊन जात होती.

हे मला ठाऊक होतं का? होतं. मग डबा का दिला? माझं म्हणणं असं की फ्रेमीत फक्त चेहरे होते, आणि चेहरे बाबांनी इतके वेगळे केले होते की ते मला स्वतःलाही ओळखू येत नसत. वर हार. एकमेकांच्या घरी जाऊन कोण मेलेल्या बाईची करंगळी बघतो? आणि फ्रेमीत हात नव्हताच. प्रणालीनं निगेटिव्ह पूर्ण छापले. कडेपासून कडेपर्यंत. ती म्हणाली, कापलेलं मला आवडत नाही. शिकलेल्या माणसांना कापलेलं आवडत नाही हे मला कुठून ठाऊक असणार?

तर मंडईत कुणीतरी करंगळ्या पाहिल्या, गोपालभाऊंनी ऐकल्या, आणि ते ओरडले. मग मला प्रणालीजवळ जाऊन सगळं सांगावं लागलं, आणि हळू आवाजात सांगितलेलं आमच्या गावात सगळ्यात आधी ऐकू जातं. पाच मिनिटांत पाळीवर सगळ्यांना कळलं.

किसनभाऊ तर हसतच सुटले. "बाप्पा! अनसूआत्या का? मी म्हणो, माय मेल्यावर एवढी गोरी कशी झाली!" बाकीच्या घरांनीही फार मनावर घेतलं नाही. त्यांनी आपापली माय पाहिली होती, तिच्या हातचा मार खाल्ला होता. फोटो कसाही असला तरी डोळे मिटले की त्यांना ती दिसत होती. गोपालभाऊंचं तसं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले की फोटोच दिसायचा.

तेवढ्यात आत्या आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, हातात भज्यांचा कागद. कुणी काही सांगायच्या आत ती दोरीच्या या टोकापासून चालू लागली. सहा वेळा थांबली. मला वाटलं, आता काही बोलेल, रडेल. ती म्हणाली, "हे लुगडं लय टोचे. याले कडुनिंबाचा पाला लावून ठेवलं होतं. अना याले धुराचा वास." सहाही लुगडी तिला आठवत होती, वासासकट. चेहरा तिनं कुठलाच ओळखला नाही, किंवा ओळखल्याचं दाखवलं नाही.

गोपालभाऊ तिच्या समोर आले. आता आवाज पार खाली गेला होता, एवढा की बैलच काय, मलाही जेमतेम ऐकू आला.

"आत्या, मंग याच्यात माही माय कोठी हाय?"

"याच्यात नाई बापू."

"कोठीच नाई?"

आत्यानं भज्याचा कागद माझ्या हातात दिला आणि फोटोच्या खालच्या कडेला बोट ठेवलं, वाकड्या करंगळीच्या शेजारी. तिथं पदराखालून निघून मांडीवरून लोंबणारा एक एवढासा पाय होता. फ्रेमीसाठी फोटो कापताना बाबांनी काढून टाकलेला. "तू हायेस," ती म्हणाली. "हा पाय तुहा. लय लाथा मारल्या मले."

गोपालभाऊ वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि घराकडे चालू लागले. ढोलकी सुरू व्हायला बराच वेळ लागला.

प्रणालीनं दोऱ्या सोडायला घेतल्या. म्हणाली, मी लोकांची ओळख शोधायला आले आणि एका माणसाची होती तीही काढून घेतली. तिला धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, अगं, डबा मी दिला. ती म्हणाली, हो, तेही आहेच. धीर देण्यात माझा हात पहिल्यापासून बसलेला नाही.

सकाळी आत्या आंघोळ करून, पातळ नेसून ओसरीवर उभी. "चाल," म्हणाली. "गोपालच्या घरी." वाटेत प्रणाली भेटली, तीही आली, गळ्यात कॅमेरा. धानाची कापणी तोंडावर आली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ओंब्यांचा गोडसर वास. आत्या एवढ्या जोरात चालत होती की आम्ही दोघी मागे.

गोपालभाऊ उंबऱ्यावर बसले होते. आतल्या भिंतीवर फ्रेम होती, हारासकट. त्यांनी आम्हाला या म्हटलं नाही, पण सरकून जागा केली. आत्या बसली नाही. उभ्यानंच म्हणाली,

"तुही माय अना मी एकाच बांधीत रोवणी करो. रंगानं मोहाच्या टोरीच्या बीवाणी काळी, अशी चमके. समोरचा दात अर्धा. गाणं म्हणे तं सूर नव्हता, पण थांबे नाई, आमीच थांबो. तिची ओळ साऱ्याईच्या समोर. बेडकाले भेये. बेडूक दिसला का धानाच्या पऱ्ह्याची, रोपाची पेंडी हातात धरून पळे, चार बांध्या पलीकडं, अना तिथंच रोवाले लागे. दुसऱ्याची बांधी रोवून देल्ली होती एकदा अर्धी."

गोपालभाऊंच्या तोंडातून आवाज निघाला. हसल्याचा असावा.

"मंग तवाच काहून नाई सांगतलं आत्या? तिचं नाक, तिचं सारं?"

"मले कोणी विचारलंच नाई. दादानं तुह्या बापाले विचारलं."

आत कुणीतरी धान पाखडत होतं, त्याचा तेवढा आवाज. मग गोपालभाऊंनी विचारलं, "उंच होती?"

"कायची उंच!" आत्यानं डावा हात उचलला आणि आपल्या खांद्याच्या थोडा खाली, हवेत आडवा धरला. "एवढी. इथवर."

गोपालभाऊ तिच्या हाताखालच्या जागेकडे बघू लागले. तिथं उंबरा होता, आणि दाराबाहेरचं थोडं अंगण, आणि एक कोंबडी. त्यांनी कोंबडीला हुसकलं. आत्यानं हात खाली घेतला नाही. प्रणालीनं गोपालभाऊंकडे बघितलं. ते म्हणाले, "काढ." तिनं काढला. तो फोटो पुढे शहरात कुठं लागला म्हणतात, आणि लोक त्याच्यासमोर फार वेळ उभे राहतात म्हणे. एक म्हातारी, दारात, हवेत हात धरलेली, खाली काही नाही. मी तो पाहिला नाही. मला जे दिसायचं ते तिथंच दिसलं होतं.

निघताना प्रणाली फ्रेमीपाशी थांबली. तिचा जीव अजून खालीवर होत होता. म्हणाली, "काका, हा फोटो तुम्हाला आता नको असेल तर मी उतरवून देते. त्याच्या जागी दुसरं काही करून आणते."

गोपालभाऊंनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"राहू दे. उतरवला तं भिंतीवर डाग दिसते."